नकाशेकाकांचं पाखरू

"गवत मोजायला गवतात कशाला जायला हवं?" नकाशेकाकांनी भर बैठकीत विचारलं. "न्हावी केस कापतो, तो काय डोक्यात शिरून कापतो?"

बैठकीत हशा पिकला. संचालक मॅडमसुद्धा हसल्या, आणि मॅडम हसल्या म्हटल्यावर ज्यांना विनोद कळला नव्हता तेही हसले. हसल्या नाहीत त्या फक्त गवतबाई, कारण गेली काही वर्षं त्या गवतात जाऊनच गवत मोजत होत्या.

हे कार्यालय उकरलेल्या माळांचं. कुठं खाण बंद पडली, कुठं रस्ता वळवला, कुठं जमिनीखालून नळी गेली, की मागे एक उघडाबोडका ओरखडा राहतो. तिथं पुन्हा गवत आणायचं आणि ते खरंच आलं का ते तपासायचं, एवढंच त्यांचं काम. त्या वर्षी सगळ्यांचं लक्ष होतं शहराबाहेरच्या मोठ्या चराऊ माळाकडे. त्याच्या पोटातून गॅसची जाडजूड नळी गेली होती. नळी पुरून झाली, माती परत लोटली, गवताचं बी पेरलं आणि कोवळ्या गवताला कुणी तोंड लावू नये म्हणून त्या लांबलचक पट्ट्याला दोन्ही अंगांनी तारेचं कुंपण घातलं. माळाचे दोन तुकडे झाले. मेंढ्या राहिल्या अलीकडे, पाण्याचं तळं राहिलं पलीकडे. शेजारच्या न उकरलेल्या माळाइतकं गवत पट्ट्यावर आलं की कुंपण निघणार होतं. तोवर मेंढ्यांनी तळ्यावर जायचं ते मोठ्या रस्त्यावरून, ट्रकांच्या मधून, सगळ्या माळाला वळसा घालून.

गवतबाई या पट्ट्यावर लोखंडी चौकट टाकायच्या, गुडघ्यांवर बसायच्या आणि चौकटीच्या आत किती गवत, किती तण, किती नुसती माती ते बघायच्या. मग उठून दोन पावलं पुढे पुन्हा चौकट. त्या पट्ट्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवातीचं गवत वाढून गेलेलं असायचं. यावर नकाशेकाकांनी उतारा आणला होता. ड्रोन!

काकांची हयात नकाशे काढण्यात गेली होती. जमीन त्यांना फार आवडायची, पण कागदावर. प्रत्यक्ष जमिनीवर काटे असतात, गोचीड असतात, आणि चढ असला तर तो खरोखर चढावा लागतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात. काकांना दुरून सगळंच साजरं दिसायचं. निवृत्ती तोंडावर आली होती. जाण्याआधी कार्यालयात आपलं नाव निघेल असं काहीतरी करून दाखवावं, अशी त्यांची मनापासून इच्छा होती, आणि त्यात वाईट काहीच नव्हतं.

बैठकीत त्यांनी सगळं समजावून सांगितलं. ड्रोन ठरवून दिलेल्या वाटेनं पट्ट्यावरून आपोआप उडेल आणि ढीगभर फोटो काढेल. संगणक ते फोटो ठिगळाला ठिगळ लावावं तसे जोडून अख्ख्या पट्ट्याचा एकच नकाशा करेल. हिरवं दिसेल ते गवत, तपकिरी ती माती, करडे ते दगड, आणि कुठं पांढरं दिसलंच तर तो क्षार, म्हणजे जमिनीतून वर फुटून आलेलं मीठ. सकाळी उडवलं की दुपारी नकाशा भिंतीवर. कुणाच्या गुडघ्यांना त्रास नाही.

मॅडमनी त्याच बैठकीत पट्टा काकांच्या हवाली केला आणि गवतबाईंना बियाण्याच्या खोलीत उगवण तपासायला पाठवलं. गवतबाई चौकट उचलून निघाल्या. जाता जाता एवढंच म्हणाल्या, की काका, अधूनमधून खाली जाऊनही बघत जा. काकांनी मान डोलावली. घरातलं शेंडेफळ मोठं झाल्यावर विमान चालवणार म्हणतं, तेव्हा डोलावतात तशी.

पहिल्या उड्डाणाला काकांनी गाडी टेकडीच्या मागं, डांबरी रस्ता जिथं संपतो तिथं, झाडाच्या सावलीत लावली. टेकडी आड येत असल्यामुळे तिथून माळ दिसत नव्हता. पण माळ दिसावा म्हणून तर ड्रोन आणलं होतं. घूंऽऽ करत ते वर चढलं, टेकडीपलीकडे दिसेनासं झालं आणि काम उरकून शहाण्यासारखं परत येऊन पायाशी बसलं. फोटो इतके सुरेख आले होते की काकांनी त्यातला एक घरच्या दिवाणखान्यात लावायचं ठरवलं.

फोटोत जे आलं नव्हतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच्या खोलीत येऊन बसलं. मेंढीमावशी. माळावरचा सगळ्यात मोठा कळप मावशींचा. हाडापेरानं दणकट बाई, हातात काठी, आणि आवाज असा की खोलीत बोलल्या तरी माळावर ऐकू जावं. त्यांनी घडलेलं सांगितलं. पाखरू डोक्यावर घोंघावायला लागलं तशा मेंढ्या उधळल्या, त्या थेट मोठ्या रस्त्यावर. दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबल्या. एक मेंढी तर थांबलेल्या बसमध्ये चढली आणि पुढच्या थांब्यापर्यंत उतरायला तयार होईना.

"एक तर तुमचं पाखरू राहील, नाहीतर माझ्या मेंढ्या," मावशी म्हणाल्या. "आणि मेंढ्या आधी आल्यात."

मॅडमनी काकांना बोलावलं. काका डगमगले नाहीत. भीती घालवायची तर ओळख करून द्यायची, असं ते म्हणाले. काही दिवस रोज सकाळी मावशींच्या वाड्यात, कळपाच्या डोक्यावर, ड्रोन हळूहळू फिरवायचं. ते खाली उतरलं की लगेच मेंढ्यांपुढं मीठ ठेवायचं. पाखरू आलं की मीठ मिळतं, एवढं त्यांच्या डोक्यात बसलं की झालं. मावशींना हे पटलं, कारण मेंढ्यांना मीठ म्हणजे जीव की प्राण.

पहिल्या दिवशी मेंढ्या कोपऱ्यात एकमेकींच्या पोटाखाली शिरल्या. दुसऱ्या दिवशी निम्म्या शिरल्या. मग कळपाचा म्होरक्या, गळ्यात घंटा बांधलेला एक भलाथोरला मेंढा, ज्याला मावशी पुढारी म्हणायच्या, तो छाती काढून पुढं आला. ड्रोन उतरलं, मावशींनी कुटलेलं मीठ भुशात कालवून घमेल्यात ओतलं, आणि पुढाऱ्यानं घमेलं चाटूनपुसून लख्ख केलं. पुढारी गेला म्हटल्यावर बाकीच्या कशाला मागं राहतात? आठवडा संपायच्या आत अशी स्थिती आली की काका गाडीतून उतरून पेटी उघडायला लागले की सगळा कळप माना वर करून आभाळाकडे बघत उभा राहायचा.

काकांना भरून आलं. घरी बायको शिवणवर्गाच्या मुलींचे कपडे बेतत बसली होती. तिच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे काकांना बराच वेळ न अडता बोलता आलं. मेंढ्या आपल्याला कशा मानायला लागल्यात, त्या मेंढ्याच्या डोळ्यांत केवढा आदर आहे, हे त्यांनी तपशीलवार सांगितलं. शेवटी बायकोनं टाचण्या काढल्या.

"मीठ बंद करून बघा," ती म्हणाली. "मग कळेल कुणाला मानतात ते."

काकांनी मीठ बंद केलंच, कारण आता गरज नव्हती. मेंढ्यांची भीती मोडली होती आणि काम तुंबलं होतं. ते पुन्हा टेकडीमागं गेले, ड्रोन पट्ट्यावर सोडलं, फोटो आणले. नकाशा छान हिरवा झाला होता. फक्त पट्ट्याच्या एका टोकाला पांढरट ओघळ दिसत होते. आधीच्या नकाशात ते नव्हते. काकांनी चष्मा पुसला, मग पडदा पुसला. ओघळ तिथंच होते. संगणकानं त्यावर नाव घातलं होतं, क्षार.

पुढच्या उड्डाणाला ओघळ मोठे झाले आणि पट्ट्याच्या मध्यावर आले. त्याच्या पुढच्याला ते दुसऱ्या टोकाला दिसले, आणि जिथून ते गेले होते तिथलं हिरवं चक्क कमी झालं होतं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. फोटो जोडताना हलणारी वस्तू ओघळल्यासारखी दिसते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण माळावर हलणारं काही असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. नकाशात माळ कधी हलत नाही.

याच सुमाराला मावशींचा फोन आला. पाखराचा आवाज आला की मेंढ्या कान टवकारतात आणि निघतात, आणि तास-दोन तासांनी पोटं तट्ट फुगवून परत येतात, असं त्यांनी सांगितलं. तब्येती सुधारल्यात, लोकरीला तकाकी आलीय. मावशींचा समज असा, की काका टेकडीपलीकडे बोलावून मेंढ्यांना मीठभुसा घालतात. म्हणून त्यांनी तोंड भरून आभार मानले. काकांचा समज असा, की हे आभार मागच्या आठवड्यातल्या मिठाचे. म्हणून त्यांनी 'त्यात काय एवढं' म्हणून फोन ठेवला. दोघंही खूश होते. आणि पट्ट्याच्या एका घळीत, जिथं ओढ्याच्या पाण्यानं कुंपणाखालची माती वाहून गेली होती, तिथून पुढारी घंटा वाजवत दर उड्डाणाला आत जात होता. माथ्यावर पाखरू फिरत असायचं. आता उतरेल, मग उतरेल, मीठ मिळेल, म्हणून सगळा कळप त्याच्या सावलीमागं पट्टाभर चालायचा, आणि वाट बघता बघता तोंडाशी आलेलं कोवळं गवत खायचा. रिकामं कशाला उभं राहायचं?

काकांनी बैठकीत नकाशे ओळीनं लावले आणि जड आवाजात सांगितलं, की पट्टा खारावत चाललाय. गवतबाई बियाण्याच्या खोलीतून मुद्दाम आल्या होत्या. त्या नकाशांजवळ जाऊन एकदा इकडून, एकदा तिकडून बघत राहिल्या.

"काका, क्षार चालत नाही हो," त्या म्हणाल्या. "आठवड्यात या टोकाहून त्या टोकाला जाणारं मीठ मी तरी पाहिलेलं नाही."

"तुम्ही वरून पाहिलेलं नाही," काका म्हणाले.

गवतबाईंनी स्वतः जाऊन बघते असं सुचवलं, पण उगवणीचा अहवाल अडला होता आणि मॅडम म्हणाल्या की आता बघण्याची नाही, उपाय करण्याची वेळ आहे. मॅडमनी वरच्या कार्यालयाला कळवलं. वरच्या कार्यालयानं त्याच्या वरच्याला कळवलं. जितकं वर गेलं तितकं मीठ वाढत गेलं. खारट जमिनीवर उतारा म्हणून जिप्समच्या पांढऱ्या पुडीची पोती ट्रक भरभरून टेकडीवर येऊन पडली. नळी टाकणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर हातरुमालानं कपाळ पुसत हिंडायला लागला. आणि पट्टा उघडायचा की नाही हे ठरवणाऱ्या समितीनं कळवलं, की आम्ही लवकरच पाहणीला येतो, आणि क्षार खरा असेल तर कुंपण आणखी तीन वर्षं काढता येणार नाही.

ही बातमी माळावर पोचली त्या संध्याकाळी मावशी काकांच्या घरी आल्या. या खेपेला आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच काकांना बसवेना. बायकोनं पाणी दिलं. मावशींनी पेला हातात धरून ठेवला.

"तळ्यावर जाताना मागच्या महिन्यात दोन कोकरं ट्रकखाली गेली," त्या म्हणाल्या. "मी वाट बघत होते, या वर्षी कुंपण निघेल म्हणून. तुम्ही शिकलेले आहात. वरून सगळं दिसतं तुम्हाला. मला एवढंच सांगा, खरंच मीठ आहे का तिथं?"

काकांनी नकाशात तसं दिसतंय असं सांगितलं. मावशी पाणी प्यायल्या, उठल्या आणि गेल्या. दाराशी थांबून त्यांनी मेंढ्यांना मीठ घातल्याबद्दल पुन्हा एकदा आभार मानले, तेव्हा तर काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एकदा जाऊन का नाही बघत?" बायकोनं विचारलं.

"जाऊन बघायचं तर एवढं यंत्र कशाला घेतलं?" काका म्हणाले. पण जेवण गेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते खरोखरच गेले. ड्रोन न घेता, पायी. टेकडी चढताना बुटाच्या तळातून काटा आत आला. धापा टाकत ते माथ्यावर पोचले आणि त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं. पट्टा रिकामा होता. पाखरू नाही, तर मेंढ्या कशाला येतील? पांढरं म्हणून काही नव्हतं. गवत मात्र जागोजागी आखूड झालं होतं, कुणी कात्री लावल्यासारखं.

काका बराच वेळ एका पायावर उभे राहून विचार करत होते. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. मीठ उघड्या डोळ्यांना दिसतच नव्हतं, आणि गवत खुरटलंय ते त्या न दिसणाऱ्या मिठानंच! म्हणून तर कॅमेरा लागतो. ते लंगडत खाली उतरले. मनाला दुःख होतं, पण नकाशा बरोबर निघाल्याचं थोडं समाधानही होतं.

पाहणीच्या दिवशी टेकडीच्या माथ्यावर कापडी छत उभारलं होतं. टेबल, खुर्च्या, बिस्किटं, चहाचा मोठा थर्मास आणि मधोमध मोठा पडदा. एका अंगाला जिप्समच्या पोत्यांची थप्पी. समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. गोल टोपी घातलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. मॅडम होत्या, इंजिनिअर होता, गवतबाई आपली चौकट घेऊन मागं उभ्या होत्या. मावशी एकट्या काठीवर हनुवटी टेकून लांब बसल्या होत्या.

काकांनी ठरवलं होतं की नुसते जुने नकाशे दाखवायचे नाहीत. ड्रोन तिथल्या तिथं उडवायचं आणि ते काय बघतं ते सगळ्यांना पडद्यावर दाखवायचं. ड्रोन उडालं. पडद्यावर पट्टा उलगडत गेला, हिरवा, मध्ये मध्ये पिवळट. सगळे पडद्याकडे बघत होते. आणि अचानक घळीच्या तोंडाशी एक पांढरा ठिपका उगवला.

"आला," काका हलक्या आवाजात म्हणाले. "हा पाहा, क्षार."

ठिपक्यामागं आणखी ठिपके आले. कुंपणाखालून मीठ आत वाहत होतं. पट्ट्यात आल्यावर ते पसरलं, जरा थांबलं, आणि मग ड्रोन जिकडं चाललं होतं तिकडं वळलं. न्यायाधीशसाहेब खुर्चीत पुढं झुकले.

"क्षाराला घंटा असते का हो?" त्यांनी विचारलं.

आता सगळ्यांनाच ऐकू येत होती. एकेक जण पडद्याकडे पाठ करून टेकडीच्या कडेशी गेला आणि खाली बघू लागला. पडद्याकडे बघत राहिले ते एकटे नकाशेकाका. त्यांना वळून बघायची गरज नव्हती. पांढऱ्या ओळीच्या टोकावरच्या सगळ्यात मोठ्या ठिपक्यानं नुकतीच मान वर करून थेट कॅमेऱ्यात पाहिलं होतं, आणि त्या डोळ्यांमधला आदर काकांच्या ओळखीचा होता.

"माझा पुढारी आहे तो," मावशी मागून म्हणाल्या.

घाम फुटला तरी काकांचं डोकं चाललं. मेंढ्यांना पट्ट्याबाहेर काढायचं तर पाखराला लांब न्यायचं. त्यांनी ड्रोन पलीकडच्या उतारावर पिटाळलं. मेंढ्या पलीकडे धावल्या. अलीकडे आणलं, मेंढ्या अलीकडे. या ओढाताणीत बॅटरी संपत आली. बॅटरी संपत आली की ते यंत्र कुणाचं ऐकत नाही. जिथून उडालं तिथं मुकाट परत येतं. ते उडालं होतं न्यायाधीशसाहेबांच्या खुर्चीजवळून.

काकांनी बटणं दाबून पाहिली. घूंऽऽ आवाज जवळ यायला लागला. त्याच्या मागोमाग घंटा, आणि घंटेमागं धुळीचा लोट. मॅडम एवढंच म्हणाल्या, "काका, थांबवा त्यांना." पण कुणाला थांबवायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

पाखरू छताशेजारी अलगद उतरलं. पाखरू उतरलं म्हणजे मीठ. घळीतून बाहेर पडलेला सगळा कळप टेकडी चढून छताखाली शिरला आणि मीठ शोधायला लागला. बिस्किटं क्षणात संपली. थर्मास आडवा झाला. पडद्यातून दोन मेंढ्या आरपार गेल्या. मग पुढाऱ्याला पोती दिसली. पांढरी पूड भरलेली, थप्पीच्या थप्पी! त्यानं डोकं खाली घालून धडक दिली, पोतं फाटलं, आणि जिप्समचा असा धुरळा उडाला की कोण समिती आणि कोण कळप ते ओळखू येईना. पुडीला खारट चव नाही हे कळल्यावर मेंढ्या भडकल्या आणि दुसरं पोतं फोडून बघायला लागल्या. पुढाऱ्याला अखेर मीठ सापडलं ते न्यायाधीशसाहेबांच्या टकलावर. टोपी केव्हाच पडली होती, ऊन कडक होतं आणि साहेबांना घाम भरपूर येत असे.

मावशींनी काठी जमिनीवर आपटली आणि एकच हाक घातली. कळप जागच्या जागी थबकला. तेवढ्यात त्यांनी काकांच्या गाडीत पडून राहिलेलं मीठभुशाचं घमेलं काढून कळपाला उताराकडे नेलं. मंडळी चेहऱ्यावरची पांढरी पूड पुसत एकमेकांकडे बघत उभी राहिली. काका मात्र पूड पुसत नव्हते. ओळखू न येणंच बरं, असं त्यांना वाटत होतं.

आता आपली निवृत्ती आजच होणार, हे काकांनी धरलं होतं. पण न्यायाधीशसाहेब बोलायच्या आधी गवतबाई पट्ट्याकडे उतरायला लागल्या होत्या. त्यांनी मेंढ्यांनी खाल्लेल्या जागी चौकट टाकली, गुडघ्यांवर बसल्या, आणि मग बराच वेळ उठेचनात. न्यायाधीशसाहेब टक्कल पुसत खाली गेले. साहेब गेले म्हणून सगळेच गेले.

गवतबाईंनी सांगितलं ते असं. मेंढ्या इथं बरेच दिवस चरतायत. आधी खाल्लेल्या ठोंबांना नवी पाती फुटलीयत. गवत नुसतं हिरवं दिसून भागत नाही. जनावरानं हिसडा दिला तर मुळासकट हातात येता कामा नये. ही चाचणी कुंपण काढायच्या आधी करायचीच होती, थोड्या मेंढ्या आत सोडून.

"ती झालेली आहे," गवतबाई म्हणाल्या.

न्यायाधीशसाहेबांनी वाकून एक झुपका धरला आणि ओढला. मग दोन्ही हातांनी ओढला. तळहाताला चरा पडला, गवत जागचं हललं नाही. त्यांनी विचारलं, की मग मीठ? गवतबाईंनी उताराकडे बोट दाखवलं. मीठ घमेल्यात तोंड घालून उभं होतं.

समितीनं पावसाळ्याआधीच कुंपण काढायचं ठरवलं. मावशींनी कुणाचे आभार मानायचे ते कळेना, म्हणून सगळ्यांचे मानले, काकांचेही. मॅडमनी काकांना एवढंच सुनावलं, की ड्रोन काही काळ कपाटात राहील, आणि तोवर काकांनी गवतबाईंबरोबर पट्ट्यावर चौकट धरायला जायचं. काका मुकाट्यानं गेले. काटे टोचले, गुडघे दुखले, पण गवताच्या तीन जाती त्यांना हाताला ओळखू यायला लागल्या आणि हे त्यांनी बायकोला, टाचण्या ओठांत नसतानाही, सांगितलं.

कुंपण निघालं त्या दिवशी माळावर बरीच गर्दी जमली होती. न्यायाधीशसाहेब नवी टोपी घालून आले होते. बायको शिवणवर्गाच्या मुलींना घेऊन आली होती. मावशींचा कळप पहिल्यांदा पट्टा ओलांडून सरळ तळ्यावर जाणार होता. सगळ्यांनी वाट मोकळी केली.

मेंढ्या पट्ट्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. मावशींनी हाक दिली. पुढारी हलला नाही. मावशींनी काठी आपटली, मग मागून रेटून पाहिलं. कळपच्या कळप माना वर करून आभाळाकडे बघत उभा होता.

मावशी वळल्या. त्यांच्याबरोबर सगळी गर्दी वळली. काकांनी घाईघाईनं सांगितलं, की ड्रोन कपाटात आहे आणि किल्ली मॅडमकडे आहे. मॅडम म्हणाल्या, किल्ली कार्यालयात आहे. ऊन चढत होतं. तळं समोर दिसत होतं. काकांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा न्यायाधीशसाहेबांकडे. मग ते कळपाच्या पुढं गेले, दोन्ही हात आडवे पसरले आणि घसा खाकरून म्हणाले, "घूंऽऽ."

पुढाऱ्यानं कान टवकारले.

काका निघाले. मागं घंटा वाजायला लागली. हात पसरून, घूंऽऽ करत, नकाशेकाका सगळ्या समितीसमोरून पट्टा ओलांडून गेले आणि त्यांच्या मागून ओळीनं सगळा कळप गेला. तळ्याच्या काठाशी ते पोचले तेव्हा श्वास संपला होता. मागं वळून पाहिलं तर मेंढ्या पाण्याला तोंड लावत नव्हत्या. त्या काकांकडे बघत होत्या.

"आता उतरा," मावशी लांबून म्हणाल्या. "तुम्ही उतरल्याशिवाय त्या पाणी पिणार नाहीत."

काकांनी हात तसेच पसरलेले ठेवले, आवाज हळूहळू कमी केला आणि काठच्या चिखलात अलगद टेकले.